प्रमाण शांत इसम

सुदामजी बोंदरेंना उचकी लागली ती नेमकी घटक चाचणीच्या गणिताच्या पेपरला.

पेपर काही सुदामजी देत नव्हते. त्यांचं वय साठीच्या पुढे, शिक्षण चौथी, आणि ते बसले होते जिल्हा परिषदेच्या मागच्या इमारतीत, एका गारेगार खोलीत, मऊ खुर्चीवर. पण त्यांनी 'हिक्' केलं आणि धामणखेड जिल्ह्यातल्या एकूण एक शाळेत, पहिलीपासून दहावीपर्यंत, प्रत्येक पोरानं 'हिक्' केलं. एकाच क्षणी. चाळीस हजार पेनं एकदम घसरली. त्या दिवशीच्या उत्तरपत्रिका पाहिल्या तर पानापानावर सारख्याच अंतरानं सारखीच वाकडी रेघ.

शिक्षणाधिकारी भुसारी फोनवर ओरडत होते, "पाणी द्या त्यांना!"

"दिलं साहेब."

"साखर द्या!"

"दिली साहेब. दचकवून बघू का?"

"वेडा आहेस का रे? चाळीस हजार पोरं दचकतील!"

उचकी दुपारी आपोआप थांबली. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं: प्रमाण शांत इसमाने शालेय वेळेत उचकी देऊ नये, अपरिहार्य असल्यास पूर्वपरवानगी घ्यावी.

'प्रमाण शांत इसम' हे सुदामजींचं सरकारी नाव. ते त्यांना कसं मिळालं, हे आधी सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका शाळेत नववीतला मुलगा दप्तरात कोयता घालून आला. खिडकीतल्या जागेवरून भांडण झालं होतं. कोणी मेलं नाही, पण एका पोराची तीन बोटं गेली. मग सरकार खडबडून जागं झालं. प्रत्येक शाळेत समुपदेशक नेमायचं ठरलं, पण पदभरती बंद होती, म्हणून चित्रकलेच्या शिक्षकांकडेच समुपदेशनाचा जादा कार्यभार दिला. त्यांनी भिंतीवर 'राग आला की दहा अंक मोजा' असं रंगवलं. पोरं दहापर्यंत मोजून मारामारी करायला लागली.

तेव्हा पुण्याहून डॉ. नंदिता देवस्थळी आल्या. त्यांच्याकडे एक कल्पना होती.

एकाच फळीवर लंबकाची दोन घड्याळं टांगली तर काही वेळानं दोघांचे लंबक एका लयीत हलायला लागतात. फळीतून जाणारी बारीक थरथर एकाची चाल दुसऱ्याला कळवते. माणसांचंही तसंच आहे. भजनाला बसलेल्यांचे श्वास एक होतात. रडणारं बाळ आईच्या छातीशी धरलं की त्याचे ठोके तिच्या ठोक्यांच्या मागे चालायला लागतात आणि ते निवतं. राग म्हणजे तरी काय, आधी ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, आणि मग डोकं त्याला कारण शोधतं. ठोकेच चढू दिले नाहीत तर राग येणार कुठून?

म्हणून देवस्थळी बाईंनी 'लयपाट' बनवला. पोळपाटाएवढी पातळ चकती, बाकाखाली बसवायची. एखाद्या शांत माणसाच्या छातीची लय खुर्चीतून उचलायची आणि तारेनं शाळाशाळांतल्या लयपाटांपर्यंत पोचवायची. थरथर इतकी बारीक की बसणाऱ्याला कळतही नाही. शरीराला मात्र कळते.

"मग शांत माणसाचे ठोके एकदा रेकॉर्ड करून ठेवा ना," भुसारींनी विचारलं होतं. "रोज माणूस कशाला बसवायचा? त्याला चहापाणी आलं, रजा आली."

"केलं होतं. दोन दिवस चाललं," बाई म्हणाल्या. "जिवंत काळीज घड्याळासारखं ठोके देत नाही. प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा किंचित वेगळा असतो. रेकॉर्डिंगमध्ये तेच ते परत येतं. शरीर ओळखतं की हे मेलेलं आहे, आणि त्याच्यामागं जायचं सोडून देतं."

"म्हणजे जिवंत माणूस पाहिजे."

"जिवंत आणि अतिशय शांत."

मग जिल्ह्यातला सगळ्यात शांत माणूस निवडायला समिती बसली. एका योगशिक्षकांना बोलावलं, पण आपला नंबर तिसरा का लावला म्हणून त्यांनी मुलाखतीच्या आधीच शिपायाची गचांडी धरली. एक महाराज आले. मशीनवर छान चालले होते, तेवढ्यात कोणीतरी आश्रमाच्या जमिनीचं विचारलं आणि काटा तटकन वर गेला. एक निवृत्त न्यायाधीश इतके शांत निघाले की समिती खूश झाली. ते झोपले होते.

या गडबडीत टेक्निशियन फिरोजनं एक चकती बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर ठेवली आणि तो चहाला गेला. परत येतो तर तिच्यावर एक म्हातारा बसलेला. मशीन चालूच होतं. फिरोजनं आकडे पाहिले, मशीनला दोन थपडा मारल्या, पुन्हा पाहिले, आणि धावत आत गेला.

"मॅडम, एक तर मशीन बिघडलंय, नाही तर बाहेर एक माणूस मेलाय."

मशीन चांगलं होतं. माणूसही जिवंत होता. ते सुदामजी बोंदरे, पिंपळझरीचे. त्यांच्या घराच्या ऐन दारासमोर वीतभर अंतरावर विजेचा खांब रोवलेला होता. रोवणाऱ्यांच्या नकाशात तिथं घरच नव्हतं. नवी सून वर्षा माप ओलांडून घरात आली ती आडवी होऊन. लग्नातलं कपाट आत घ्यायला कौलं काढावी लागली. खांब हलवा, एवढाच सुदामजींचा अर्ज होता. त्यासाठी ते वर्षानुवर्षं रोज पहिल्या एसटीनं येत आणि व्हरांड्यातल्या त्या बाकावर बसत.

समितीनं एकमतानं त्यांना निवडलं.

यश तर असं आलं की भुसारींना राज्य पुरस्कार मिळाला. मारामाऱ्या थांबल्या, शिव्या थांबल्या. मधल्या सुट्टीत नळावर पोरं रांगेत उभी राहू लागली. गमतीही झाल्या. सुदामजींना दुपारी जेवणानंतर डुलकी यायची, तेव्हा सबंध जिल्ह्यात पाचवा तास घोरत जायचा. एकदा त्यांनी ठेच्यात मिरच्या जास्त घातल्या, तर चाळीस हजार पोरांच्या कपाळावर घाम. पेपरवाल्यांनी त्यांचा फोटो छापला. सुदामजींना बरं वाटायचं. बसायचं तर ते आधीपासूनच बसत होते. आता गादी होती आणि चहा फुकट होता.

त्यांचा सगळा जीव होता नातीवर. कस्तुरी सातवीत. नाव मोठं सुवासिक, पण जीभ अशी की गावातली कुत्री वाट सोडत. शेजारच्या पोरानं बोर उचललं तरी ही त्याच्या घरी जाऊन त्याच्या आजीपर्यंत भांडून यायची. "मी काऊन गप बसू? माहं बोर हाय ते!" सुदामजी खांबाला टेकून तिचं भांडण ऐकत बसायचे. तालुक्याला तमाशा आला तरी इतकी मजा त्यांना येत नसे.

शांत शाळा अभियान सुरू झाल्यावर कस्तुरीही शांत झाली. वर्षानं आधी नारळ फोडला. मग हळूहळू तिला चैन पडेना.

"मामाजी, पोरगी मागत नाही काही," ती सासऱ्याला म्हणाली. "पोळी वाढली तर खाते. नाही वाढली तर बसून राह्यते."

"मोठी होऊन राह्यली ते," सुदामजी म्हणाले.

आणि मग तो बुधवार आला.

त्या दिवशी पिंपळझरीच्या शाळेतले सगळे गुरुजी जिल्ह्याला गेले होते, 'विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य' या प्रशिक्षणाला. पोरांना शिपाई सोडेल असं त्यांनी धरलं. शिपाई लग्नाला गेला होता. पोरांना गुरुजी सोडतील असं त्यानं धरलं. घंटा कोणी दिली नाही.

सुदामजी संध्याकाळच्या एसटीनं उतरले तेव्हा गावातल्या बाया शाळेकडे पळत होत्या. दिवस बुडायला आला होता. वर्ग उघडे होते आणि आत अंधारात पोरं बसली होती. सगळी. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान दाराकडे. पहिलीतल्या एका पोरानं चड्डीत केलं होतं आणि तो त्यातच बसला होता. रडत नव्हता.

कस्तुरी दुसऱ्या बाकावर होती.

"कोणाची वाट पाहून राह्यली, बेटा?"

"कोणाची नाही, आबा."

"मग घरी काऊन नाही आली?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, भीती नव्हती. "कोणी सांगितलं नाही ना," ती म्हणाली. "सांगतील."

सुदामजींना तिचं ते बसणं ओळखू आलं. गुडघ्यावरचे हात, जरा पुढे काढलेली मान, आतून कोणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून तिरका केलेला कान. आरशात पाहिल्यासारखं त्यांना झालं.

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीवर बसलेच नाहीत. सरळ देवस्थळी बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले आणि आदल्या संध्याकाळचं सगळं सांगितलं.

"मॅडम, तुमी त्या दिवशी मशीनवर माहं काय मोजलं जी?"

"तुमची शांती, सुदामजी. इतकी खोल शांती मी कोणाची पाहिली नाही."

"ते शांती नव्हती." ते थांबले. त्यांना मोठं बोलायची सवय नव्हती. "आधी मी लय तापट होतो. पहिल्या वर्षी त्या खांबाच्या बाबूची कॉलर धरली होती. साहेब जेवायला गेले, साहेब मीटिंगमधी हाये, उद्या या. मी बोंबलत घरी जात होतो, रातभर झोप नव्हती. मग एक दिवस बाबू म्हने उद्या या, अन् मले काहीच नाही झालं. छातीत काही हाललंच नाही. मले वाटलं, चला, सुटलो." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "मॅडम, मी वाट पाहनं शिकलो होतो. तुमी ते चाळीस हजार लेकरांले शिकवलं."

बाईंनी निवडीच्या दिवशीचा मशीनचा कागद काढून पाहिला. मशीनला ठोका कळतो, ठोक्यामागचं कारण कळत नाही. समाधानी माणूस आणि आशा सोडलेला माणूस कागदावर सारखेच दिसतात, एकच सरळ रेघ. हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

"पण कालची एक गोष्ट माझ्या अजून लक्षात आली नाही," त्या म्हणाल्या. "तुमची खुर्ची पाच वाजता बंद होते. पोरं नंतर कशी बसून राहिली?"

"ते मले काय माहीत जी? माही कस्तुरी पहिल्यासारखी करून द्या, बस."

"एकच उपाय दिसतो. तुम्ही चिडायचं. खरंखुरं. तुमची लय तुटली की त्यांची तुटेल."

"चाळीस हजार पोरं एकदम चिडली तर?" कोपऱ्यातून फिरोज म्हणाला. त्याला कोयता आठवला असावा.

म्हणून बाईंनी बाकीच्या शाळांच्या तारा काढल्या, फक्त पिंपळझरीची ठेवली, आणि सुदामजींना चिडवायचं काम सुरू झालं. सुरुवात बाईंनी केली. "तुम्ही," त्या मोठा श्वास घेऊन म्हणाल्या, "तुम्ही अत्यंत बेजबाबदार आहात!"

"हाव जी," सुदामजी म्हणाले.

फिरोज पुढे आला. त्यानं बाईंना कानावर हात ठेवायला सांगितलं आणि आई, बाप, म्हशी सगळे घेतले. सुदामजी कौतुकानं ऐकत राहिले. "यातली शेवटची शिवी लय दिवसानं ऐकली. माहा बाप द्यायचा." काटा जागचा हलला नाही. फिरोजनं त्यांचा चहा काढून घेतला. त्यांच्या चपला लपवल्या. वीज खात्यातल्या त्याच बाबूला बोलावून समोर उभं केलं. बाबूनं घसा खाकरून "उद्या या" म्हटलं, तर सुदामजींनी सवयीनं मान डोलावली आणि उठायला लागले.

शेवटी बाईंनी बाबूला घालवून दिलं, दार लावलं, खुर्ची त्यांच्याजवळ ओढली, आणि जे सांगायचं नव्हतं ते सांगितलं.

"सुदामजी, तुमच्या खांबाचं काम वर्षापूर्वीच मंजूर झालं होतं. माणसं गाडीत बसली होती. भुसारी साहेबांनी थांबवलं. खांब निघाला तर तुम्हाला आनंद होईल, आनंदानं ठोके वाढतील, आणि जिल्ह्याचं मानसिक आरोग्य बिघडेल, असं त्यांनी वरती कळवलं. वरून होकार आला. तो खांब आता कधीच हलणार नाही. आणि आता इतर जिल्ह्यांतही ही योजना जाणार आहे. त्यांना तुमच्यासारखी माणसं हवीत. ऑफिसांना सांगितलंय की जुने अर्ज निकाली काढू नका."

तिघांनीही काट्याकडे पाहिलं.

काटा हलला. हळूहळू खाली गेला. आधी होता त्याच्याही खाली.

"असंन जी," सुदामजी म्हणाले.

बाईंनी उठून मशीनचं बटण बंद केलं. मग भिंतीतून वायरच उपटली. "घरी जा," त्या म्हणाल्या. "परत येऊ नका. जिल्ह्यातले सगळे पाट मी काढून घेते, दुरुस्तीला म्हणून. मेंदी उतरते तशी पोरांच्या अंगातून ही लय उतरेल. थोडे दिवस लागतील."

सुदामजी घरी राहिले. अंगणात बसून ते रोज शाळेतून येणाऱ्या कस्तुरीची वाट पाहायचे, आज तरी कोणाशी भांडून येते का म्हणून. ती येई, पाय धुई, बसे. जिल्ह्याच्या ऑफिसात तर पाट निघाल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण अहवाल आधीपेक्षा चांगले यायला लागले होते.

एप्रिल लागला. शाळा सकाळची झाली आणि दुपारी सुटायला लागली. रस्त्यावरचं डांबर वितळून चपलेला चिकटण्याचे ते दिवस. अशा एका दुपारी कस्तुरी अनवाणी आली. सावकाश, नेहमीच्या चालीनं. ओसरीवर तिच्या पावलांचे ओले ठसे उमटले. सुदामजींनी तिचा पाय मांडीवर घेतला. तळव्याला रुपयाएवढे फोड, दोन फुटलेले.

"चपला कुठं गेल्या?"

"कोणी घालून गेलं असंन, आबा."

"मग इचारलं नाही? शोधल्या नाही? अवं, सावलीत तरी थांबायचं!"

"देईल ना आणून," कस्तुरी म्हणाली.

ही तीच पोर, जिनं एका बोरासाठी गल्ली उठवली होती.

सुदामजींच्या छातीत काहीतरी धाडकन आदळलं. त्यांना आधी वाटलं, हार्टअटॅक आला. मग कानशिलं तापली आणि त्यांना ओळख पटली. इतक्या वर्षांनी! त्यांना रडूच आलं. राग आला होता. भरून, तुडुंब, जवानीत यायचा तसा.

रात्रभर त्यांनी तो जपला. विझू नये म्हणून पोरीचे पाय पुन्हा पुन्हा पाहिले. सकाळी कस्तुरी तशाच पायांनी शाळेला निघाली, तेव्हा तिला रिक्षात घातलं आणि मागोमाग स्वतः तरातरा गेले.

सातवीच्या वर्गात गुरुजी खुर्चीवर बसले होते. शिकवत नव्हते. मागच्या बाकावर देवस्थळी बाई होत्या. त्यांच्या मांडीवर ठोके मोजायचं छोटं यंत्र होतं. सुदामजींना पाहून त्या हळूच हसल्या.

"मॅडम! तुमी म्हने उतरन! पोरीचे पाय पाहा, पाय!"

"पाहिले," बाई म्हणाल्या. "आत्ता मला कळलं, सुदामजी. त्या बुधवारी पोरं का उठली नाहीत ते. घड्याळांची चाल एकदा जुळली की पहिलं घड्याळ काढून घेतलं तरी चालतं. बाकी सगळी एकमेकांना धरून ठेवतात. पाट नाहीत, खुर्ची नाही. तुम्हीही नाही. आता ती एकमेकांचीच ऐकतात. बाकाच्या लाकडातून, श्वासातून. नवीन कोणी आलं की त्यालाही घेतात."

"मग थांबवा ना! फोन करा, शाळा बंद करा, पोरं येगयेगळी करा!"

"हो, तोच उपाय आहे," बाई म्हणाल्या. "वेगवेगळी केली तर सुटतील. मी परवा आले तेव्हा फोन करणारच होते." त्यांनी बाकावरच्या फोनकडे पाहिलं. "करते. एवढी काय घाई आहे?"

सुदामजींच्या अंगावर काटा आला. ते वळून पोरांवर ओरडले. "उठा! उठा रे लेकहो! पळा घरी! भांडा, मारामाऱ्या करा! कोणी बसवलं तुमाले इथं?" त्यांनी पुढचं टेबल उलथवलं. खडू, डस्टर, हजेरी सगळं खाली पडलं. पोरांनी ते पडताना पाहिलं. कोणी दचकलं नाही. तीस-पस्तीस छात्या एकदम वर आल्या, एकदम खाली गेल्या.

कस्तुरी उठली. लंगडत त्यांच्याजवळ आली आणि तिनं त्यांचा हात धरला. तिचा हात गार होता.

"दमले तुमी, आबा," ती म्हणाली. "या."

त्यांनी हात सोडवायला पाहिलं. खरंच पाहिलं. पण तिच्या मनगटातली नाडी त्यांच्या मनगटाला लागली होती, टक्, टक्, अगदी सावकाश, आणि ती त्यांच्या ओळखीची होती. ती त्यांना दुसऱ्या बाकापर्यंत घेऊन गेली, सरकून जागा केली, आणि ते बसले. लाकूड ऊन होतं. छातीतला एक ठोका अडखळला, मग दुसरा. त्यांनी दात आवळले आणि राग धरून ठेवायचा म्हणून खाली वाकून पोरीच्या तळव्यांकडे पाहिलं.

फोड तसेच होते. एक नवीन फुटला होता. सुदामजींनी ते नीट पाहिले.

होतील बरे, त्यांना वाटलं.